पुरावा क्रमांक चार

जिममधल्या पुरुषांच्या अंघोळीच्या खोल्यांत पाणी बारीक येतंय, असा फोन आला म्हणून मी सोमवारी सकाळी तिकडे गेले. जाळी चोंदली असणार, दहा मिनिटांचं काम. तासाभरानं बाहेर आले तेव्हा पाणी होतं तसंच बारीक होतं आणि माझा पाना मी आतच विसरले होते.

मी नळकाम करते. या उद्योग उद्यानात नऊ नंबरचा गाळा भाड्यानं घेतलाय. आत पाइपांचे तुकडे, जोड, वॉशरचे डबे आणि एक स्टूल. सगळे मला नळताई म्हणतात, बिलावरही तेच छापलंय. उद्यान हे नाव मालकांनी दिलेलं. झाडं सात आहेत आणि सातही कुंड्यांत. बाकी नदीच्या काठानं दगडी इमारतींची रांग. त्यांत ऑफिसं आहेत, एक बेकरी आहे, पार्सलांचं गोदाम आहे, कुत्र्यांना अंघोळ घालणारं एक दुकान आहे, आणि टोकाला, जुन्या धुलाईखात्यात, ही जिम.

माझ्या लहानपणी या सगळ्याला रंगखाना म्हणत. सुताच्या लडी उकळत्या रंगात बुडवायच्या, आम्लाच्या पाण्यातून काढायच्या, मग हौदात धुवायच्या, आणि धुतलेलं पाणी सरळ नदीत. ज्या दिवशी जो रंग चालू, त्या रंगाची नदी. खालच्या अंगाला राहणारे लोक पाण्याकडे बघून सांगायचे, आज निळ्याची पाळी दिसतेय. पुढे रंगखाना बंद पडला, अकरा वर्षं ओसाड राहिला, मग नव्या मालकांनी घेतला. त्यांनी भिंती घासून घेतल्या, मोठमोठ्या काचा बसवल्या, दारादारावर जुन्या खात्यांची नावं पितळी अक्षरांत लावली. जमिनीखालचं मात्र कुणी बदललं नाही. तिथे अजून जुनेच बिडाचे पाइप आहेत, आणि कुठला पाइप कुठे निघतो हे सांगणारी मी एकटीच उरलेय. त्यामुळे मला इथे मान होता.

हे पाइप मला कळतात, कारण माझे बाबा या धुलाईखात्यात एकोणीस वर्षं होते.

एरवी मी जिमच्या मागच्या दारानं जाते, पंपाची खोली तिकडेच आहे. त्या दिवशी मागे रंगकाम चाललेलं, म्हणून मला पुढून पाठवलं. आत शिरले आणि समोर भिंतभर एक माणूस दिसला. काळापांढरा फोटो, दोन मजले उंच. माणूस पाठमोरा, कमरेवर उघडा, मागे धुलाईचे हौद. मान जराशी डावीकडे वळलेली, कुणीतरी हाक मारल्यासारखी. डाव्या कानाची पाळी खालून तुटलेली.

कान बाबांचा होता. मान बाबांची होती. पाठ मात्र त्यांची नव्हती. ती गुळगुळीत होती, तेल लावल्यासारखी चकचकीत, दोन्ही खांद्यांचे स्नायू उठून दिसत होते.

मी अकरा वर्षांची असल्यापासून वीस वर्षांची होईपर्यंत रोज संध्याकाळी त्या पाठीला मलम लावलंय. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत कातडी गोळा होऊन गेली होती, मेण वितळून थिजावं तशी. मध्ये एक पट्टा गुलाबी, त्याच्या कडेला तीन खड्डे, त्यांतला खालचा सगळ्यांत खोल. दिवे गेले तरी माझा हात चुकत नसे. ती पाठ मला पाठ होती.

फोटोखाली हातभर अक्षरांत लिहिलं होतं: ‘घाम. तेव्हा पोटासाठी, आता स्वतःसाठी.’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत: ‘इथल्या कामगारांना एप्रन कधी रुचला नाही. ते उघड्या अंगानंच राबत. त्यांची ताकद या भिंतींत मुरली आहे.’

ट्रेनर आला. चांगला मुलगा आहे, मला बघितलं की खुर्ची देतो.

“भारी वाटतो ना, ताई? शनिवारी लावला.”

“कुठून मिळाला तुम्हाला?”

“ऑफिसनं दिला. वारसा विभाग आहे ना, त्यांनी.”

“हे माझे वडील आहेत.”

त्यानं गाण्यांचा आवाज कमी केला. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “काय सांगता. मग तर अभिमानाची गोष्ट आहे. थांबा, तुमचा त्यांच्यासोबत एक फोटो काढतो.”

मी त्याला काय बोलले ते मला आठवत नाही. काही बोलले असेन तर बरं बोलले नसेन.

काय झालं होतं ते सांगते. हौदांच्या मागून, माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून, आम्लाची नळी जायची. तिचा एक जोड गळत होता. बाबांनी मुकादमाला तीनदा सांगितलं. मुकादमानं तिन्ही वेळा जोडाला चिंधी गुंडाळून वर डांबर फासायला लावलं, कारण नळी बदलायची तर खातं दोन दिवस बंद ठेवावं लागलं असतं. आज मी स्वतः जोड बसवते, म्हणून मला माहीत आहे की त्या कामाला एक तास लागतो. दोन दिवस नाही. एका दुपारी तो जोड सुटला. खाली चार माणसं हौदावर वाकलेली. चौघांच्याही अंगात सदरे होते, चौघांनीही रबरी एप्रन बांधलेले होते. पण एप्रन असतो पुढच्या बाजूला. मागे त्याच्या फक्त दोन नाड्या. इस्पितळात बाबांच्या पाठीतून सदऱ्याचे तुकडे चिमट्यानं काढले.

कंपनीनं चौकशीत सांगितलं की हे चौघे सदरा आणि एप्रन काढून काम करत होते, म्हणून भाजले. चूक त्यांची. मुकादमानं साक्ष दिली, होय, उघडे होते, मी स्वतः रागावलो होतो. युनियनच्या सेक्रेटरीनं लग्नाचे फोटो काढणारा एक फोटोवाला आणला होता, चौघांना हौदापाशी उभं करून सदरे काढायला लावले होते आणि जखमांचे फोटो काढून चौकशीत दिले होते. चौघांचे चार. बाबांचा चौथा. चौकशी करणाऱ्यांनी फोटो बाजूला ठेवले आणि साक्ष मानली. चौघांची नोकरी गेली, वर ‘बेजबाबदार’ असा शेरा मिळाला. बाबा नंतर नऊ वर्षं जगले, एका गोदामाच्या फाटकावर बसून. पाठ टेकून कधी झोपले नाहीत.

म्हणजे ज्या फोटोसाठी सदरा काढायला लावला, त्याच फोटोवरून आता जगाला सांगत होते की हे उघडेच असायचे. आणि ज्या जखमा दाखवण्यासाठी काढायला लावला, त्या जखमा पुसून टाकल्या होत्या.

घरी आईला कसं सांगायचं याचा मी दोन दिवस विचार केला. आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. तिला गोड करून सांगितलेलं चालत नाही. शेवटी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. “केवढा मोठा आहे म्हणालीस?”

“दोन मजले.”

“मला बघायचाय.”

“आई, त्रास होईल.”

“त्रास व्हायचा तो होऊन गेलाय. चप्पल काढून ठेव माझी.”

गुरुवारी मी तिला घेऊन गेले. पट्ट्यांवर माणसं जागच्या जागी पळत होती. आई त्यांच्यामधून काठी टेकत गेली, भिंतीपासून चार हातांवर थांबली आणि मान वर करून बघत राहिली. एकेकानं पळणं थांबवलं. ट्रेनरनं खुर्ची आणली, ती बसली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “याची पाठ कुणी धुतली?”

 आईनं मग बारीक अक्षरं माझ्याकडून वाचून घेतली. दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज चढला, तर म्हणाली, “हळू वाच, मला ऐकू येतं.” आणि ट्रेनरला विचारलं, “तुमचं ऑफिस कुठे आहे?”

वारसा विभाग म्हणजे एक खोली, एक बाई आणि काचेच्या कपाटात मांडलेली जुनी कुलपं. बाई मऊ बोलणाऱ्या. आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आईला ‘आजी’ म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी फाइल काढली. फाइल इमारतीबरोबर आलेली, जुन्या कंपनीची. फोटोच्या मागे शिक्का होता: पुरावा क्रमांक चार. त्याला टाचून टंकलेला कागद, कंपनीचं म्हणणं. भिंतीवरचं वाक्य त्यातूनच उचललेलं होतं.

“म्हणजे तुम्ही हे वाचलं होतं,” मी म्हणाले. “पुरावा लिहिलंय. कशाचा पुरावा, असा प्रश्न पडला नाही?”

“खरं सांगू का, डिझायनरनं फोटो निवडला. त्यावर खूप डाग होते, ते त्यानं साफ केले.”

“ते डाग फोटोवर नव्हते,” आई म्हणाली. “माणसावर होते.”

बाईंचा चेहरा उतरला. तो खरंच उतरला, मी त्यांच्यावर अन्याय करणार नाही. म्हणाल्या, “आजी, आम्ही त्यांचं नाव टाकू. छोटा कार्यक्रम करू. तुमच्या हस्ते.”

“नाव नको. पाठ परत द्या. जशी होती तशी. आणि खाली लिहा की यानं सदरा घातला होता, एप्रन बांधला होता, आणि नळी फुटली.”

“पण ती व्यायामाची जागा आहे. लोक तिथे उत्साहानं येतात. भाजलेली पाठ कशी लावणार?”

“मग माझ्या नवऱ्याची कशाला लावलीत? धडधाकट माणूस आणायचा होता कुणीतरी.”

बाईंनी हात जोडले. “हे बघा, ते सगळं जुन्या कंपनीनं केलं. आमचा तिच्याशी काही संबंध नाही. आम्ही फक्त जागा घेतली.”

तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, “इमारत तुमची. फोटो तुमचा. पितळी अक्षरं तुमची. शंभर वर्षांचा वारसा म्हणून माहितीपत्रक छापता, तोही तुमचा. एवढं सगळं घेतलंत, आणि जे वाईट केलं तेवढं जुन्या कंपनीकडे ठेवलंत. हे कोणत्या हिशोबानं?”

 त्या म्हणाल्या की वर कळवते.

वर काय कळवलं ते रविवारी दिसलं. उद्यान बंद असताना दोन माणसांनी येऊन बाबांना उतरवलं आणि त्या जागी धबधब्याचं चित्र लावलं. सोमवारी बाईंचा फोन आला, तुमच्या भावनांचा आदर करून फोटो काढला आहे. आमची मागणी फोटो काढायची कधीच नव्हती. काचेआडून मी तो धबधबा बघितला. आधी बाबांच्या जखमा गेल्या होत्या, आता बाबाच गेले. यापुढे कुणी विचारलं असतं तर इथे काही घडलंच नव्हतं.

आईच्या ट्रंकेत त्या फोटोची एक प्रत होती. तळहाताएवढी, कडा दुमडलेली. सेक्रेटरीनं चौघांच्याही घरी एकेक दिली होती. उद्यानातच चौथ्या गाळ्यात बॅनर छापणारा आहे, त्याचा तुंबलेला मोरीचा पाइप मी एकदा सुट्टीच्या दिवशी मोकळा करून दिला होता. त्याला ती प्रत दाखवली. त्यानं भिंगातून बघितली, भिंग खाली ठेवलं आणि मला म्हणाला, “केवढा करू?”

“माझ्या शटरएवढा.”

माझं शटर जिमच्या दाराच्या बरोबर समोर येतं. शनिवारी दुपारपर्यंत आम्ही दोघांनी फोटो छापून त्यावर चिकटवला. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत, गुलाबी पट्टा, तीन खड्डे. काळ्यापांढऱ्यात गुलाबी कुठला, पण मला तो दिसत होता. खाली आईनं सांगितलेलं वाक्य, जसंच्या तसं: ‘यानं सदरा घातला होता. एप्रन बांधला होता. जोड गळतोय हे यानं तीनदा सांगितलं होतं.’

शटर बंद असलं की दिसायचं, उघडलं की गुंडाळलं जायचं. म्हणून मी दुकान शटर ओढूनच चालवायला लागले. मागच्या दारानं ये-जा. गिऱ्हाईक फोन करतंच.

लोक थांबायला लागले. जिममधून बाहेर पडणारे, बेकरीच्या रांगेतले, पार्सलवाले. काही वाचून पुढे जात, काही मागच्या दारानं येऊन विचारत. ट्रेनर एकदा आला, माझा पाना घेऊन. “ताई, मी त्या दिवशी फोटो काढायचं म्हणालो,” एवढंच बोलला आणि उभा राहिला. मी त्याला स्टूल दिलं.

पंधराव्या दिवशी नोटीस आली. सर्व शटरांचा रंग उद्यानाच्या नियमाप्रमाणे करडा असावा, सात दिवसांत पूर्ववत करावा. मी करारपत्र काढलं. त्यात लिहिलं होतं की गाळेधारकाला शटरवर आपल्या व्यवसायाशी संबंधित मजकूर लावता येईल. मी उत्तर लिहिलं: गळका जोड हा माझ्या व्यवसायाशी संबंधित आहे. त्यावर त्यांचं काही आलं नाही. आलं ते दोन महिन्यांनी, वेगळ्याच कागदावर, की माझा करार वर्षअखेरीस संपतोय आणि पुढे वाढवण्याचा विचार नाही. बारा वर्षं तो न मागता वाढत होता.

मधल्या काळात एक दिवस आई दुकानात बसली असताना मुकादम आला.

मी त्याला ओळखलं नाही. वाकलेला म्हातारा, अंगात स्वच्छ कोट, सोबत सून. शटरसमोर उभा राहिला तो हलेचना. सून म्हणाली, “चला ना, उन्हात किती वेळ?” तो मागच्या दारानं आत आला. आईनं वर बघितलं आणि तिनं त्याला एका नजरेत ओळखलं.

“मुकादम,” ती म्हणाली.

“वहिनी.” तो दाराच्या चौकटीला धरून होता. “बेकरीत कुणी तरी बोललं, म्हणून आलो. वहिनी, मी खोटं बोललो होतो.”

“मला माहीत आहे.”

“कंपनीवाले मला म्हणाले होते, साक्ष नाही दिलीस तर गळका जोड तुझ्या अंगावर येईल. माझी पोरं लहान होती.”

“माझीही लहान होती. ही समोर उभी आहे.”

तो माझ्याकडे बघू शकला नाही. डोळे पुसायला लागला. सुनेनं आईकडे बघितलं, अशा वेळी समोरच्या माणसानं काहीतरी मऊ बोलायचं असतं, तसं.  आई मला म्हणाली, “त्यांना पाणी दे. आणि कागद दे.”

दुकानात कोरा कागद नव्हता. मी बिलबुक दिलं. ‘नळताई, सर्व प्रकारची नळजोडणी’ या छापील ओळीखाली मुकादमानं लिहिलं. एकेक अक्षर जुळवत लिहीत होता, म्हणून पाऊण तास लागला. मध्येच थांबून म्हणाला, “बाकीचं तोंडी सांगितलं तर नाही का चालणार?”

“तेव्हा तोंडीच सांगितलं होतंत,” आई म्हणाली. “आता लिहा.”

त्यानं लिहिलं. सदरे होते. एप्रन होते. जोडाबद्दल तीनदा सांगितलं होतं. मी वरिष्ठांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष दिली. खाली सही, तारीख, पत्ता, आणि सुनेची साक्षीदार म्हणून सही. ती तिनं खाली मान घालून केली. जाताना त्यानं आईला विचारलं, “माफ केलंत ना?”

“नाही,” आई म्हणाली. “सावकाश जा. बाहेर पायरी उंच आहे.”

ते गेल्यावर मला वाटलं, आई आता रडेल, किंवा हलकी होईल. ती कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होती. म्हणाली, “बारा ओळी आहेत गं. फक्त बारा ओळी. अडतीस वर्षं मी समजत होते की हे सांगणं फार अवघड असेल, म्हणून कुणी सांगत नाही.”  इतकी चिडलेली मी तिला बाबा गेले तेव्हाही पाहिली नव्हती.

कागदाची प्रत आम्ही उद्यानाच्या ऑफिसला दिली. ‘नोंद घेतली आहे,’ असं एका ओळीचं उत्तर आलं. फाइलमध्ये लावली का, कुठल्या फाइलमध्ये, ते कळवत नाहीत. मी दर महिन्याला विचारते. वर्षअखेरीस मी गाळा सोडला आणि फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे, एक खोली घेतली. भाडं जास्त, जागा निम्मी. बॅनरवाल्यानं बाबांना सोडवून नव्या भिंतीवर बसवून दिलं, त्याचाही करार मला वाटतं पुढच्या वर्षी वाढवणार नाहीत. त्याला सांगितलं तर म्हणाला, “बघू.”

आईला वाटलं की बाकी तिघांच्या घरी प्रत पोहोचायला हवी. आम्ही शोधत फिरलो. एकाचं कुणीच उरलं नव्हतं. दुसऱ्याची मुलगी भेटली, तिनं कागद घेतला आणि दार लावून घेतलं.  तिसरा मात्र स्वतः जिवंत निघाला. चौघांतला सगळ्यांत लहान, तेव्हा सव्वीसचा होता, आता चौसष्टचा. खुर्चीत पुढे सरकून बसला होता, पाठ न टेकता. मी त्याला कागद वाचून दाखवला. त्यानं पुन्हा वाचायला लावला. मग चष्मा लावून स्वतः वाचला, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत.

“हा मुकादम अजून आहे?” त्यानं विचारलं.

“आहे,” आई म्हणाली.

“कुठे राहतो?”

मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती विषय बदलेल, आता या वयात कशाला, असं काहीतरी म्हणेल. आईनं पिशवीत हात घातला आणि चार घड्यांचा एक कागद काढून त्याच्या हातात दिला. पत्ता ती घरूनच लिहून आली होती.